पहिल्या दुधाची राखण

१६ सप्टेंबर १९७३

प्रिय बाबा,

पोचले. खोली संशोधन संस्थेच्या आवारातच मिळाली आहे. खिडकीतून नुसता डोंगर आणि झाडं. इथे आत्ताच एवढी थंडी आहे की आईने दिलेली लोकरीची बंडी अंगावरून उतरलेली नाही.

निघताना तुम्ही विचारलंत, "डोंगरात डुकरं काय करणार, स्कीइंग?" मी नुसती हसले, कारण मलाच धड माहीत नव्हतं. आता सांगते. डुकरीण व्यायला झाली की शस्त्रक्रिया करून पिलं काढतात आणि बाहेरची हवा लागायच्या आत प्लास्टिकच्या पारदर्शक तंबूत ठेवतात. तंबूत एकही जंतू नसतो. हवा गाळलेली, दूध निर्जंतुक केलेलं. तंबूच्या भिंतीला रबराचे लांब हातमोजे जोडलेले असतात. त्यात खांद्यापर्यंत हात घालायचे आणि आतल्या पिलाला बाटलीने पाजायचं. हे माझं काम.

कशासाठी, तर डुकराचं पिलू जन्मतं तेव्हा रोगाशी लढायला त्याच्याकडे काहीच नसतं. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच तिच्या रक्तातून थोडी शिदोरी मिळते. डुकरिणीत आई आणि पिलू यांच्या रक्तामधली भिंत इतकी जाड की पिलू रिकाम्या हातांनी येतं. त्यामुळे शरीर स्वतःची राखण करायला कुठून आणि कसं शिकतं, हे पाहायला याच्याहून चांगला प्राणी नाही, असं आमच्या प्रमुख डॉक्टर क्वापिलोव्हा बाई म्हणतात.

तुमच्या डुकरांच्या नव्या शेडचं उद्‌घाटन झालं का? सगळं लिहा.

तुमची व्लास्ता

३० सप्टेंबर १९७३

पोरी व्लास्ता,

म्हणजे शेतकी महाविद्यालयात जाऊन, चष्मा लावून घेऊन, शेवटी तू डुकरांना बाटलीने पाजतेस. सहा वर्षांची होतीस तेव्हाही चुलीपाशी टोपलीत पिलू घेऊन हेच करत होतीस. तेव्हा पगार नव्हता, एवढाच फरक.

उद्‌घाटन झालं. आता पाचही गावांची सहकारी शेतं एक झालीत, त्यामुळे पाचही गावांच्या डुकरिणी व्यायला आपल्याकडे येणार, आणि सगळ्यांवर देखरेख तुझ्या बापाची. भिंतींना छातीपर्यंत पांढऱ्या फरशा. गरम पाणी नळाला. जिल्ह्याहून आलेला साहेब म्हणाला, "कॉम्रेड ह्रुबेश, इथे जमिनीवर वाढलंत तरी मी जेवेन." मी म्हटलं, "वाढतो की, बसा." आपल्या सहकारी शेतीच्या अध्यक्षाने, कोउकालने, मला कोपराने ढोसलं, पण साहेब हसला. जिल्ह्यातल्या सर्वांत स्वच्छ शेडचं प्रशस्तिपत्रक मिळालं. पेपरात फोटोही आला, त्यात मी आहे, आणि कोउकालचं निम्मं डोकं.

तेव्हा तुझा तंबू तुला लखलाभ. माझी शेड बघायला ये.

तुझा बाप,
आलोइस

४ नोव्हेंबर १९७३

प्रिय बाबा,

फोटो मिळाला. भिंतीवर लावलाय. डॉक्टर बाईंनी विचारलं, हे मंत्री कोण?

आज तुम्हाला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण समजतो की कातडीने आपलं अंग झाकलंय, म्हणजे झालं. पण नाक, घसा, फुप्फुसं, आतडी या सगळ्यांना आतून एक ओलं, पातळ अस्तर असतं. जे आपण खातो, जो श्वास घेतो, ते सगळं आधी त्या अस्तराला भेटतं. आतड्याचं अस्तर उलगडून पसरलं तर ते कातडीपेक्षा कितीतरी मोठं भरेल. एवढी मोठी हद्द, आणि कुंपण एका पेशीच्या जाडीचं!

आमच्या तंबूतल्या पिलांचं हे अस्तर मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ओसाड. राखण करणाऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. मग दुसऱ्या तंबूतल्या पिलांना दुधातून एकच निरुपद्रवी जंतू पाजला. थोड्या दिवसांनी पाहिलं तर अस्तर पेशींनी गजबजलेलं! त्या पेशी प्रतिपिंडं तयार करतात आणि ती अस्तरावरच्या बुळबुळीत थरात येऊन बसतात. जंतूला मारण्यापेक्षा त्याला धरून ठेवतात, अस्तराला चिकटू देत नाहीत. तो आला तसा वाहून जातो. ना ताप, ना सूज, ना आरडाओरड.

बाबा, ते मी पाजलेलं पिलू होतं. माझ्या हातून. त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही.

तुमच्याकडे किती डुकरिणी व्याल्या? पिलं कशी आहेत?

व्लास्ता

२५ नोव्हेंबर १९७३

पोरी,

अक्रोड वाळवून झाले. छपराची गळती काढली. यंदाची वाईन आंबट आहे, पण पिता येते. आईचा गुडघा तसाच.

तुमच्याकडे पिलांना हगवण लागते का? सहज विचारतो.

बाबा

२ डिसेंबर १९७३

प्रिय बाबा,

एवढंसं पत्र! वाईन फारच आंबट दिसतेय.

हगवण कशी लागेल? आमच्या तंबूत जंतूच नाहीत. तुमच्या शेडपेक्षा आम्ही एक पायरी वर आहोत, प्रशस्तिपत्रक परत करा. नाताळला दोन दिवस सुटी मिळेल असं वाटत होतं, पण पिलांना सुटी कळत नाही. नाताळच्या रात्रीचा माझ्या वाटचा मासा तुम्ही खा.

व्लास्ता

९ डिसेंबर १९७३

व्लास्ता बाळ,

तुझं पत्र वाचून बाबा उठून शेडमध्ये गेले, जेवलेही नाहीत. तू चेष्टा केलीस त्यात तुझा दोष नाही, तुला ठाऊकच नव्हतं. त्यांनी मला बजावलंय की व्लास्ताला काही कळवायचं नाही. मी आजवर त्यांचं ऐकलं, आता ऐकत नाही.

नव्या शेडमध्ये पिलं मरताहेत. ऑक्टोबरपासून. जन्मतात चांगली टणटणीत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पातळ हगवण लागते आणि निम्मी जातात. जिल्ह्याचे जनावरांचे डॉक्टर दोनदा येऊन गेले, औषधं दिली, काही उपयोग नाही. कोउकाल सगळ्यांदेखत म्हणाला, "घाण असल्याशिवाय हगवण लागत नाही, ह्रुबेश. प्रशस्तिपत्रक भिंतीवर आणि शेण फरशीवर!" तुला तुझे बाबा माहीत आहेत. त्या दिवसापासून ते शेड कास्टिक सोड्याने धुताहेत. हातांची सालं निघालीत. चुना मारून झाला, पुन्हा मारला. आणि पिलं मरतातच.

फेब्रुवारीअखेर समिती बसणार आहे. बाबांना काढणार आणि सगळ्या डुकरिणी कत्तलखान्यात धाडून नवा कळप आणणार. त्यातल्या कितीतरी बाबांनी स्वतः वाढवल्यात. ते मला म्हणाले, "रूझेना, मी चाळीस वर्षं डुकरं पाळतोय, आणि मला कळत नाही." असं ते कधी बोललेले नाहीत.

एकट्या काउंटेसची पिलं जगली. सगळी. तीच ती गुलाबी, मोठ्या कानांची, तुझ्या आवडीची. बाबा म्हणतात नशीब.

मी लिहिलंय हे सांगू नकोस. किंवा सांग. कसंही त्यांना कळणारच.

आई

१४ डिसेंबर १९७३

बाबा,

मला सगळं कळलंय. आईवर ओरडू नका. मी तुमच्यावर रागावले आहे आणि स्वतःवरही, पण ते नंतर.

मला एवढंच सांगा. डुकरीण नव्या शेडमध्ये व्यायच्या किती आधी आणतात? आणि काउंटेसला कधी आणलं होतं? आठवून, नीट.

मी का विचारते ते ऐका. पिलू रिकाम्या हातांनी येतं, हे तुम्हाला लिहिलं होतं. त्याला पहिली राखण मिळते ती चिकातून, आईच्या पहिल्या दुधातून. पहिल्या दिवशी आतडं त्यातली प्रतिपिंडं रक्तात घेतं, मग ते दार बंद होतं. त्यानंतर दूध दर पाजणीला आतड्याच्या अस्तरावर प्रतिपिंडांचा हात फिरवत राहतं. पण दुधात ती येतात कुठून? डुकरिणीच्या स्वतःच्या आतड्यातून! तिच्या अस्तराला जो जंतू भेटतो, त्याला ओळखणाऱ्या पेशी तिथून निघतात, रक्तातून कासेत जाऊन बसतात, आणि तिथे त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं दुधात सोडतात. हे अगदी अलीकडे लक्षात येऊ लागलंय. आमच्याकडे यावर रोज वाद चालतात.

म्हणजे डुकरिणीचं दूध तिला जे जंतू माहीत आहेत त्यांच्यापासूनच वाचवतं. जे तिला भेटलेच नाहीत, त्यांच्यापासून नाही. तुमच्याकडे पाच गावांच्या डुकरिणी एका छपराखाली येतात. प्रत्येक आपल्या गावचे जंतू घेऊन येते. वरच्या गावच्या डुकरिणीला खालच्या गावचा जंतू माहीतच नाही, मग तिच्या दुधात त्यावर काय असणार? आणि हे सगळं व्हायला आठवडे लागतात.

बाबा, तुमची शेड घाण नाही. धुणं थांबवू नका, पण हातांवर मलम लावा. उत्तर लगेच लिहा.

व्लास्ता

२९ डिसेंबर १९७३

पोरी,

तुझ्या आईवर ओरडलो नाही. तिने पोळ्या केल्या होत्या, खसखशीच्या. तोंड भरलेलं होतं.

डुकरीण व्यायच्या तीन-चार दिवस आधी येते. त्याआधी ठेवायला जागा नाही. काउंटेसचा पाय मुरगळला होता. जुन्या शेडची जमीन निसरडी, म्हणून मी तिला महिनाभर आधी इकडे आणून कोपऱ्यातल्या कप्प्यात ठेवलं होतं. कोउकाल त्यावरूनही बोलला, लाडावून ठेवलीस म्हणाला.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग शेडमध्ये जाऊन काउंटेसपाशी पालथ्या बादलीवर बसलो आणि चौथ्यांदा वाचलं. तिच्या कप्प्यात पाचही गावांच्या डुकरिणींचं सांडपाणी वाहत येतं. महिनाभर ती तेच हुंगत, तेच चघळत होती. मला नशीब वाटलं, आणि ती बिचारी आपल्या पिलांची तयारी करत होती.

आता अडचण. सगळ्यांना महिनाभर आधी आणायचं तर तिप्पट शेड लागेल. मिळणार नाही. पण मी म्हणतो, डुकरिणीला शेडकडे आणता येत नसेल तर शेडच डुकरिणीकडे नेली तर? व्यालेल्या डुकरिणींच्या कप्प्यांतला ओला पेंढा, शेणासकट, गाडीत भरायचा आणि पाचही गावांत ज्यांना व्यायला महिना आहे त्यांच्यापुढे टाकायचा. मोठ्या डुकरिणीला त्या हगवणीने काही होत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पिलंच मरतात.

हा वेडेपणा असेल तर तसं सांग. तुझ्या डॉक्टर बाईंना विचार. आयुष्यभर लोकांच्या शेडमधून शेण बाहेर काढायला शिकवलं, आता आत न्यायला निघालोय.

बाबा

६ जानेवारी १९७४

प्रिय बाबा,

पत्र घेऊन मी धावतच बाईंकडे गेले. त्यांनी उभ्या-उभ्याच वाचलं, मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "हे तुमच्या वडिलांना सुचलं?" मी हो म्हटलं. त्यांनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाल्या, "त्यांना सांगा, लगेच सुरू करा."

पण त्यांच्या अटी आहेत. तो पेंढा फक्त मोठ्या डुकरिणींपुढे, लहान पिलांच्या जवळपासही नको. व्यायला तीन-चार आठवडे असलेल्यांनाच. आज-उद्या व्यायच्या आहेत त्यांना देऊ नका, त्यांच्या दुधात काही यायच्या आत पिलं येतील. कुठली डुकरीण खायची थांबली, तापली, तर तिथे थांबायचं आणि तार करायची. आणि पिलाने चीक पहिल्या काही तासांत प्यायलाच हवा. जे दुबळं असेल त्याला धरून लावा.

यातही अपयश येऊ शकतं, असं बाई म्हणाल्या. मला ते लिहावंसं वाटत नव्हतं, पण लिहिलं.

तुमचा फोटो आता त्यांच्या खोलीत आहे. मागून नेला.

व्लास्ता

२४ फेब्रुवारी १९७४

पोरी व्लास्ता,

आधी बरी बातमी सांगत नाही, क्रमाने सांगतो, नाहीतर तुला मजा कळणार नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ट्रॅक्टर मागितला. ट्रॅक्टरवाला मारेक म्हणाला, "शेण कुठे टाकायचंय?" मी म्हटलं, "डुकरिणींच्या पुढ्यात." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आलोइस, घरी सगळं ठीक आहे ना?" अर्धी बाटली प्लमची स्लिवोवित्से दारू खर्ची पडली, तेव्हा तो चाकावर बसला. मग पाचही गावं. वरच्या गावातल्या बायका कुंपणाशी उभ्या राहिल्या. "ह्रुबेश, नाताळ होऊन गेला, भेट उशिरा आणलीस!" "जिल्ह्यातलं सर्वांत स्वच्छ शेण का हे?" मी टोपी काढून नमस्कार करत होतो. दुसऱ्या आठवड्यापासून तर पोरं ट्रॅक्टरमागून धावायला लागली.

कोउकाल वरच्या गावात येऊन थडकला. "हे ताबडतोब थांबव. हा घातपात आहे. मी जिल्ह्याला कळवतो."

मी म्हटलं, "कळव. पण तोवर पेंढा पडू दे."

"आणि आणखी मेली तर?"

"तर माझ्या नावावर लिही. आतापर्यंतची लिहिलीसच की."

त्यावर तो पाठ फिरवून निघाला. गाडीत बसला आणि गेला. जिल्ह्याला कळवलं की नाही ते मला आजही माहीत नाही.

जानेवारी वाईट गेला. ज्यांना पेंढा मिळाला नव्हता त्यांची पिलं जातच होती, आणि मी रोज सकाळी ती उचलत होतो, आणि त्याच हातांनी पुढच्या गावासाठी पेंढा भरत होतो. तुझ्या आईला विचार मी कसा होतो. नको, विचारू नकोस.

मग फेब्रुवारी लागला. पहिली पेंढ्याची डुकरीण व्याली. मी तिच्यापाशीच होतो, एकेक पिलू सडाला लावलं. तिसरा दिवस गेला. चौथा गेला. पाचव्या दिवशी शेण थोडं पातळ झालं, मी रात्रभर तिथेच बसून राहिलो. सहाव्या दिवशी पुन्हा घट्ट. पोरी, घट्ट शेण पाहून रडणारा माणूस तू पाहिला नसशील. मग दुसरी व्याली, तिसरी, चौथी. एका पहिलटकरणीची चार गेली. पेंढ्याच्या वाटेला ती फिरकलीच नव्हती, बाजूला एकटी झोपायची. बाकी सगळी शेड किंचाळतेय. एवढा गोंगाट की कोउकाल दारात उभा राहून काहीतरी ओरडत होता आणि मला ऐकूच येत नव्हतं. मी हात हलवून आत ये म्हटलं. तो आला. एकेका कप्प्यात वाकून बघत गेला. मग म्हणाला, "पुढच्या आठवड्यात मलाही ट्रॅक्टरवर घे, खालच्या गावचे लोक माझं ऐकतात."

समिती परवा आली. डुकरिणी राहणार. मीही.

तुझ्या डॉक्टर बाईंना सांग, अपयश येऊ शकतं हे त्यांनी सांगितलं ते बरं केलं. जानेवारीत त्या एका वाक्यावर मी तगलो. जो माणूस हे आधी सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

तुझा बाप,
आलोइस

३ मार्च १९७४

प्रिय बाबा,

पत्र जेवणाच्या खोलीत मोठ्याने वाचलं. घट्ट शेणापाशी आल्यावर मला पुढे वाचता येईना, तेव्हा उरलेलं बाईंनी वाचलं.

एप्रिलमध्ये इथे बैठक आहे. प्रागहून, ब्रातिस्लाव्हाहून लोक येणार आहेत. तुम्ही त्यांना पेंढ्याची हकिकत सांगावी असं बाईंचं म्हणणं आहे. लिहून आणायचं नाही, मला पत्रात सांगितलीत तशीच. याल ना? मी नुसती चहा द्यायला असेन, पण असेन.

व्लास्ता

२१ एप्रिल १९७४

पोरी व्लास्ता,

घरी पोचलो. तुझ्या आईला सगळं दोनदा सांगून झालं, आता ती म्हणते लिहून काढ आणि मला झोपू दे.

टायने माझा गळा आवळला होता, ते तुला दिसलंच असेल. आधी मला तुझ्या तंबूपाशी नेलंस, हातमोज्यांत हात घालायला दिलेस, ते चांगलं केलंस. त्या पिलाने रबरातून माझं बोट चोखलं. जगातलं काहीही त्याला अजून लागलेलं नाही, असं तू म्हणालीस. मला त्याची दया आली आणि भीतीही वाटली. तू रोज हे करतेस.

मग ती खोली. मी बोललो, कोउकालचं बोललो, मारेकचं बोललो. हसले सगळे. पेंढा किती टाकलात असं एकाने विचारलं, मी म्हटलं हात सैल सोडून. मग प्रागचे ते पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उठले. त्यांनी विचारलं, पेंढा डुकरिणीच्या तोंडात जातो, मग कासेला ते कसं कळतं? आणि तीन आठवडेच का, दहा दिवस का नाहीत?

ते मला येत होतं, पोरी. तुझ्या पत्रातलं पाठ होतं. पण मी मागे पाहिलं, तू चहाच्या किटलीपाशी उभी होतीस आणि तुझे ओठ हलत होते. मी म्हटलं, "ते माझ्या मुलीला विचारा. मला तिनेच शिकवलंय."

सगळी खोली वळली. तू किटली खाली ठेवायला विसरलीस, ती हातात घेऊनच बोलायला लागलीस. मग डॉक्टर बाईंनी ती तुझ्या हातातून काढून घेतली, आणि तू फळ्यापाशी गेलीस. आतडं काढलंस, कास काढलीस, मधे बाण काढलास. दाढीवाल्यांनी तुला अडवलं, तू त्यांनाच उलट प्रश्न विचारलास. ते म्हणाले, हे आम्ही करून पाहिलेलं नाही. तू म्हणालीस, "आम्ही पाहिलंय."

त्यापुढचं अर्धं मला कळलं नाही. तू भरभर बोलत होतीस. पहिल्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्या बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "जरा सावकाश, मी लिहून घेतेय." तेव्हा मी खाली बसलो. इतका वेळ मी उभाच होतो, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तुझा बाप,
आलोइस ह्रुबेश